रेचकावर रेचक

मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, ठरली की आदल्या दिवशी पोट पूर्ण रिकामं करावं लागतं. त्यासाठी मिळणाऱ्या एका प्रचलित पुडीत सोडियम पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियम सायट्रेट अशी दोन रेचकं एकत्र असतात. एक आतड्याला ढकलायला लावतं, दुसरं आतड्यात पाणी ओढून आणतं. काही ठिकाणी आधी बिसाकोडिलच्या गोळ्या देतात आणि मग पॉलिएथिलिन ग्लायकॉल मिसळलेलं दोन लिटर पाणी प्यायला लावतात. दोन रेचकं, एकाच रात्री, तीही डॉक्टरांच्याच सांगण्यावरून. पुढे महिनाभराने तोच माणूस विचारतो, ‘‘इसबगोल घेतोय, पण साफ होत नाही. वरून जुलाबाची गोळी घेऊ का?’’ तेव्हा निम्मी मंडळी त्याला दटावतात, ‘‘अजिबात नको, आतडी सैल पडतील.’’ उरलेली म्हणतात, ‘‘घ्या की, त्यात काय एवढं.’’

दटावणाऱ्यांचं आणि ‘त्यात काय’ म्हणणाऱ्यांचं, दोघांचंही चुकतं, कारण दोघं फक्त रेचकांची संख्या मोजतात. ठरवून दिलेल्या दोन रेचकांनी भलं होतं, हे वैद्यकात पक्कं मानलं गेलं आहे. अधीरपणे एकावर एक टाकलेल्या दोन रेचकांनी माणूस रुग्णालयात पोचतो, हेही तितकंच पक्कं आहे. फरक पडतो तो तीन गोष्टींनी: दुसरं औषध पहिल्याच्याच जातीचं आहे का, पहिल्याला त्याचा वेळ दिला होता का, आणि घेणाऱ्याची मूत्रपिंडं व रक्तातले क्षार ते सोसू शकतात का.

जातीची गोष्ट आपल्याला नवी नाही. शार्ङ्गधर संहितेत पोट साफ करणाऱ्या द्रव्यांचे चार वेगळे प्रकार सांगितले आहेत: अनुलोमन, स्रंसन, भेदन आणि रेचन. त्यांची उदाहरणं अनुक्रमे हिरडा, बहावा, कुटकी आणि निशोत्तर. आजच्या औषधशास्त्राशी ही वाटणी तंतोतंत जुळत नाही, जुळवायचा हट्टही धरू नये. पण पोट साफ करणारं सगळं एकच नसतं आणि प्रत्येकाचा कोठाही सारखा नसतो, ही समज तिच्यात स्पष्ट आहे. ‘याचा कोठा जड आहे’ असं आजही घरोघरी म्हणतात. गंमत अशी की घरातल्या औषधांच्या फळीसमोर उभं राहिलं की हीच समज आपण विसरतो आणि सगळ्याच बाटल्यांना ‘पोट साफ होण्याचं औषध’ म्हणू लागतो.

आजची वाटणी ढोबळमानाने अशी. इसबगोल फुगतं, मळाला आकार आणि ओलावा देतं. त्याचा परिणाम दिसायला बारा तासांपासून तीन दिवस लागतात. लॅक्टुलोज, पॉलिएथिलिन ग्लायकॉल, मिल्क ऑफ मॅग्नेशिया ही पाणी धरून ठेवणारी किंवा ओढून आणणारी औषधं. त्यांतलं मॅग्नेशिया अर्ध्या तासापासून सहा तासांत काम करतं, लॅक्टुलोजला एक ते दोन दिवस लागतात, पॉलिएथिलिन ग्लायकॉलला एक ते तीन. सोनामुखी, बिसाकोडिल, पिकोसल्फेट आणि आपल्या बालपणीचं एरंडेल ही आतड्याला चेतवणारी. सोनामुखी किंवा बिसाकोडिलची गोळी रात्री घेतली तर सहा ते बारा तासांत, म्हणजे सकाळी, काम होतं. शिवाय लिक्विड पॅराफिनसारखी वंगण देणारी आणि डॉक्युसेटसारखी मळ मऊ करणारी औषधं आहेत.

यातले तासांचे आकडे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. घरी होणारी बहुतेक सरमिसळ वेळेच्या गैरसमजातून होते. सोमवारी रात्री लॅक्टुलोज घेतलं. मंगळवारी सकाळी काहीच झालं नाही, म्हणून औषध ‘लागू पडलं नाही’ असं ठरवलं. दुपारी दोन चमचे मॅग्नेशिया घेतलं. संध्याकाळी नुसती कळ येऊन गेली, म्हणून रात्री झोपताना बिसाकोडिलच्या दोन गोळ्या. बुधवारी पहाटे तिन्ही औषधं एकदम कामाला लागतात, कारण लॅक्टुलोजची वेळ खरं तर आत्ता कुठे आलेली असते. मग पाण्यासारखे जुलाब, पोटात पीळ, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. तरुण माणूस यातून मीठ-साखरेच्या पाण्यावर निभावून नेतो. सत्तरीतल्या माणसाला संडासात जाताना चक्कर येते, तो पडतो, आणि खुब्याचं हाड मोडलं तर त्याचं वर्ष, कधीकधी आयुष्यच, त्या एका पहाटेने बदलून जातं. लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांनी आतड्याच्या सवयीपेक्षा या पडण्याची काळजी जास्त केली पाहिजे.

दुसरा घोळ एकाच जातीची दोन औषधं नकळत घेण्याचा. ‘‘मी गोळ्या घेत नाही, फक्त आयुर्वेदिक चूर्ण घेते,’’ असं सांगणाऱ्या बाईंच्या चूर्णात बहुतेक वेळा सोनामुखी असते. स्वादिष्ट विरेचन चूर्ण घ्या. त्यात सोनामुखी, ज्येष्ठमध, गंधक, बडीशेप आणि साखर असते. ब्रिटिशांच्या औषधकोशातलं ज्येष्ठमधाचं संयुक्त चूर्ण जवळजवळ हेच होतं. सोनामुखीतली सेनोसाइड्स वनस्पतीतून आली म्हणून आतड्याला कमी चेतवत नाहीत. अशा चूर्णावर बिसाकोडिलची गोळी घेतली तर एकच काम करणारी दोन औषधं पोटात जातात. फायदा फारसा वाढत नाही. कळा आणि पाणी जाणं मात्र वाढतं.

बाटल्यांचंही तसंच आहे. आपल्याकडे दुकानात सर्रास मिळणाऱ्या क्रेमाफिनमध्ये लिक्विड पॅराफिन आणि मिल्क ऑफ मॅग्नेशिया अशी दोन औषधं असतात. त्याच्याच ‘प्लस’ प्रकारात तिसरं, पिकोसल्फेट, असतं. म्हणजे ‘मी एकच औषध घेतो’ म्हणणारा माणूस प्रत्यक्षात तीन रेचकं घेत असू शकतो, आणि तो खोटं बोलत नसतो. अशी मिश्रणं मुळात वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. पण बाटलीच्या मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय तिच्या जोडीला दुसरं काही घेऊ नये, हे मी कोणालाही हात धरून सांगेन.

काही जोड्या तर त्यांच्या रसायनामुळेच नकोत. बिसाकोडिलच्या गोळीवर एक आवरण असतं. पोटातल्या आम्लात ते टिकतं आणि पुढे आतड्यात विरघळतं. दूध किंवा आम्लपित्तावरचं औषध बरोबर घेतलं तर ते आवरण पोटातच सुटतं, मळमळ होते, पोटात कळा येतात. मिल्क ऑफ मॅग्नेशिया हे स्वतःच आम्लनाशक आहे. म्हणजे ही दोन रेचकं एका घोटात घेणं चूक, आणि गोळी रात्री कोमट दुधाबरोबर घेणं, जे आपल्याकडे इतकं स्वाभाविक वाटतं, तेही चूक. मध्ये निदान एक तास हवा. डॉक्युसेट आणि लिक्विड पॅराफिन ही दुसरी जोडी: डॉक्युसेटमुळे एरवी आतड्यातून सरळ निघून जाणारं पॅराफिन शरीरात जास्त शोषलं जातं. पॅराफिनला आणखी एक दोष आहे. अंथरुणाला खिळलेल्या, गिळताना ठसका लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ते आडवं असताना पाजलं तर फुफ्फुसात उतरू शकतं, आणि तेलामुळे होणारा न्यूमोनिया बरा व्हायला फार चिवट असतो. अशाच रुग्णांचं पाणी घट्ट करायला कधी स्टार्चची पूड वापरतात. तिच्यात पॉलिएथिलिन ग्लायकॉल मिसळलं तर द्रव पुन्हा पातळ होतो, असा इशारा ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०२१ मध्ये दिला. घट्ट समजून पाजलेला घोट श्वासनलिकेत जातो.

इसबगोल निरुपद्रवी समजलं जातं, आणि भरपूर पाण्याबरोबर घेतलं तर ते बहुतांशी तसं आहेही. पण कमी पाण्यात घेतलं तर ते घशात किंवा अन्ननलिकेतच फुगून अडकू शकतं. याच कारणाने अमेरिकेच्या एफडीएने २००७ मध्ये त्याचे दाणेदार प्रकार चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. आतडं आधीच मंद पडलेलं असेल, मॉर्फिनसारखी वेदनाशामकं चालू असतील, तर इसबगोलाने आत फक्त गठ्ठा वाढतो, तो पुढे सरकत नाही. तिथे दुसऱ्या रेचकाच्या जोडीलाही ते टाळलेलंच बरं.

आता क्षारांकडे येतो. इथे मला माझ्या मावशीबद्दल लिहिणं भाग आहे.

मावशी सत्त्याहत्तर वर्षांची, बाकी ठणठणीत. रक्तदाबाची गोळी रोज चालू. तिच्या उशाशी असलेल्या फळीवर इसबगोलाचा डबा, चूर्णाची बरणी, पांढऱ्या औषधाची बाटली आणि पिवळ्या गोळ्यांची पट्टी, सगळं ओळीने मांडलेलं. एका पावसाळ्यात तिच्या पिंढऱ्यांत गोळे यायला लागले. मग जिना चढताना पाय उचलेनासे झाले. आम्ही ते वयावर ढकललं. एके दिवशी छातीत धडधड सुरू झाली म्हणून नेलं, तेव्हा रक्तातलं पोटॅशियम २.८ निघालं. ते ३.५ ते ५ च्या दरम्यान असायला हवं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘आजी, पोट साफ व्हायला काय काय घेता?’’ मावशी संकोचून म्हणाली, ‘‘काही नाही हो, आपलं घरगुतीच.’’

झालं होतं ते असं. वारंवार पातळ शौच झालं की त्यातून पोटॅशियम जातं. पाणी कमी झालं की शरीर ते वाचवायला अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढवतं, आणि ते लघवीतून आणखी पोटॅशियम सोडतं. तिच्या रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारं औषध होतं. गोळीच्या नावापुढे जो ‘एच’ असतो, तो बहुधा त्याचाच. त्यातूनही पोटॅशियम जात होतं. आणि चूर्णातलं ज्येष्ठमध, तेही जास्त प्रमाणात रोज घेतलं तर याच दिशेने ओढतं. चार बाजूंनी गळती. यात सगळ्यांत क्रूर भाग असा की पोटॅशियम कमी झालं की आतड्याचे स्नायूही दुबळे पडतात. आतडं मंदावतं. बद्धकोष्ठ वाढतं. मग माणूस आणखी एक रेचक घेतो. मावशीच्या फळीवरचं चौथं औषध याच फेऱ्यात आलं होतं. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांना तर हे फारच महाग पडतं, कारण पोटॅशियम उतरलं की त्या औषधाची विषबाधा लवकर होते.

मॅग्नेशियमची कहाणी उलटी आहे. तिथे क्षार साठतो. मूत्रपिंडं चांगली असतील तर जास्तीचं मॅग्नेशियम लघवीतून निघून जातं. ती थकलेली असतील तर रक्तात चढतं; गुंगी येते, रक्तदाब आणि नाडी उतरते. बद्धकोष्ठ जितकं घट्ट, तितकं औषध आतड्यात जास्त वेळ राहतं आणि जास्त शोषलं जातं. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांसाठी आणखी एक धागा: थायरॉइड कमी असणं हेच बद्धकोष्ठाचं एक कारण, आणि मॅग्नेशिया त्या गोळीबरोबर घेतलं तर गोळीचं शोषण घटतं. दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवावं.

फॉस्फेटच्या बाबतीत इशारा सर्वांत कडक आहे. सोडियम फॉस्फेटचं पिण्याचं औषध किंवा एनिमा ठरल्यापेक्षा मोठ्या मात्रेत किंवा एका दिवसात एकाहून जास्त वेळा घेतल्याने झालेल्या इजांचा आढावा एफडीएने जानेवारी २०१४ मध्ये जाहीर केला. त्यात गंभीर दुष्परिणामांच्या ५४ घटना होत्या आणि १३ मृत्यू. म्हाताऱ्यांना, लहान मुलांना, मूत्रपिंडाच्या आणि हृदयाच्या रुग्णांना ‘एका एनिम्याने झालं नाही, दुसरा देऊ’ हे घरी कधीही करू नये.

इतकं वाचून कोणी दुसरं रेचक कायमचं वर्ज्य मानेल, तर तेही मला नको आहे, कारण त्याने दुसऱ्या टोकाची माणसं होरपळतात. कर्करोगाच्या वेदनेवर मॉर्फिन किंवा ट्रॅमाडॉल घेणारा रुग्ण पाहा. या औषधांच्या इतर त्रासांची शरीराला सवय होते, बद्धकोष्ठाची होत नाही. म्हणून अशा रुग्णाला मऊ करणारं म्हणून पाणी ओढणारं आणि ढकलणारं म्हणून चेतवणारं, अशी दोन औषधं जोडीनेच द्यावीत, हे ब्रिटनच्या औषध-निर्देशिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे. एकच दिलं तर एकतर मळ मऊ होऊन जागीच राहतो, नाहीतर कडक मळावर आतडं व्यर्थ पिळत राहतं. वेदना थांबाव्यात म्हणून गोळी घ्यायची आणि शौचाच्या यातनेपायी तीच गोळी सोडून द्यायची, अशी पाळी रुग्णावर येते. दुसऱ्या रेचकाची भीती घालून आपण त्याला तिथवर ढकलू नये.

लहान मुलांत मळाचा खडा धरतो तेव्हाही असंच. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०१० ची मार्गदर्शिका सांगते की आधी पॉलिएथिलिन ग्लायकॉल वाढत्या मात्रेत द्यावं, आणि दोन आठवड्यांत खडा सुटला नाही तर चेतवणारं औषध जोडावं. दोन दिवसांत नव्हे, दोन आठवड्यांत. मोठ्यांच्या जुनाट बद्धकोष्ठाबद्दल अमेरिकेतल्या दोन प्रमुख पोटविकार संघटनांनी २०२३ मध्ये एकत्र मार्गदर्शिका काढली. तिच्यात पॉलिएथिलिन ग्लायकॉलला ठाम पाठिंबा आहे, आणि बिसाकोडिल किंवा पिकोसल्फेट हे इतर औषधाच्या जोडीला अधूनमधून, अडलं तर घ्यायचं, असं ठेवलं आहे. रोजचं एक आणि अडीनडीचं दुसरं, ही रचना मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते.

प्रत्येक जोडी कामाचीच असते असंही नाही. डॉक्युसेट आणि सोनामुखी ही जोडी रुग्णालयांमध्ये कित्येक दशकं डोळे झाकून लिहिली गेली. कॅनडातल्या हॉस्पिसमधल्या ७४ रुग्णांवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सगळ्यांना सोनामुखी दिली. निम्म्यांना वर डॉक्युसेट, निम्म्यांना नुसती फसवी गोळी. फरक पडला नाही. आयुष्याच्या अखेरच्या आठवड्यांत, घास गिळणंही जड असताना, माणसाला गिळाव्या लागणाऱ्या गोळ्यांतली एक कमी होणं ही लहान गोष्ट नव्हे.

मग आतडी सैल पडण्याचं काय? ही भीती १९४० च्या दशकातल्या काही क्ष-किरण चित्रांपासून चालत आली आहे, आणि त्या काळची काही जहाल औषधं आता वापरातून गेली आहेत. म्यूलर-लिसनर या जर्मन पोटविकारतज्ज्ञाने सहकाऱ्यांसह २००५ मध्ये बद्धकोष्ठाबद्दलच्या समजुतींचा आढावा घेतला. योग्य मात्रेतल्या चेतवणाऱ्या रेचकांनी आतडं कायमचं निकामी होतं याला भक्कम पुरावा त्यांना सापडला नाही. सोनामुखीने आतड्याच्या अस्तरावर काळपट छटा येते, ती औषध थांबवल्यावर हळूहळू जाते. मला इथे वेगळीच गोष्ट खटकते. ‘सवय लागेल’ या धास्तीने लोक एका औषधावर टिकत नाहीत. आठ दिवस चूर्ण, मग गोळी, मग सरबत, मग पुन्हा चूर्ण. अशा अदलाबदलीतच दोन औषधांच्या वेळा एकमेकींवर चढतात. सवयीच्या भीतीनेच सरमिसळ वाढते.

वजन कमी करायला रेचकं घेणाऱ्या मुलींबद्दल (मुलंही असतात, पण ती सांगत नाहीत) दोन वाक्यं लिहिलीच पाहिजेत. अन्नातली ऊर्जा लहान आतड्यात शोषली जाते, रेचकं मुख्यतः त्याच्या पुढे काम करतात. १९८३ च्या एका अभ्यासात लिटरच्या लिटर जुलाब होऊनही शोषलेल्या उष्मांकांत घट झाली ती फक्त बारा टक्क्यांच्या आसपास. काट्यावर कमी दिसतं ते पाणी, आणि त्यासाठी मोजलं जातं ते पोटॅशियम. घरात कोणी मूठभर गोळ्या घेताना आढळलं तर ओरडू नका, जवळ बसा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

काही वेळा तर एकही रेचक द्यायचं नसतं. पोट फुगलंय, वारा सरत नाही, उलट्या होतायत, पोटात सतत दुखतंय, अशा वेळी आतडं अडलेलं असू शकतं. तिथे चेतवणारं औषध आतडं फाडू शकतं. शौचातून रक्त, कारण नसताना घटलेलं वजन, पन्नाशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय, यांवर रेचक बदलत बसणं म्हणजे निदान लांबवणं. अंथरुणावरच्या वृद्धाला अचानक पातळ गळायला लागलं तर घरचे जुलाब समजून ते थांबवायची गोळी देतात. बरेचदा आत मोठा खडा असतो आणि पातळ मळ त्याच्या कडेने झिरपत असतो. आणि काही जणांचं आतडं नीट चालतं, पण शौचाच्या वेळी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल होण्याऐवजी आवळले जातात. त्यांना तीन रेचकं दिली तरी दार बंदच राहतं. त्यांना स्नायूंचा व्यायाम शिकवावा लागतो, बायोफीडबॅक म्हणतात तो.

मावशीच्या डॉक्टरांनी आम्हाला फळीवरचं सगळं पिशवीत भरून आणायला सांगितलं आणि टेबलावर एकेक मांडलं. पहिली बदलली ती रक्तदाबाची गोळी. मग जेवणानंतरच्या कॅल्शियमच्या गोळ्यांकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यानेही बद्धकोष्ठ होतं, आणि ती गोळी तिला कोणी, कधी सांगितली होती हे तिलाच आठवेना. चूर्ण आणि बाटली बंद झाली. आता ती रोज रात्री पेलाभर पाण्यात पॉलिएथिलिन ग्लायकॉल घेते. पिवळ्या गोळ्यांची पट्टी वेगळ्या डबीत ठेवली आहे, ती तिसऱ्या दिवशीही शौच झालं नाही तरच उघडायची, आणि दुधाबरोबर घ्यायची नाही. सकाळी साफ झालं की ती कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने टिंब काढते. गेल्या महिन्यात डबी दोनदा उघडली.